उलटा बिल्ला

*दार आपोआप बंद झाले किल्ली आत*

असं कुणीतरी कुठल्यातरी जिन्यात उभं राहून फोनवर टाइप करतं. पायात घरातल्या सपाता, हातात कचऱ्याची रिकामी बादली, फोनची बॅटरी शेवटच्या घटका मोजतेय. अशा माणसाला वाचायला वेळ नसतो आणि निवडायला तर त्याहून नसतो. जे पहिलं दिसेल त्याला तो फोन लावतो. कुलपाच्या धंद्यात पूर्वी दुकान नाक्यावर असावं लागायचं. आता ते या माणसाच्या अंगठ्याखाली असावं लागतं.

धाकटीला हे तोंडपाठ होतं. त्या सकाळी तिनं स्वतः तेच शब्द टाइप केले, आणि तिचं दुकान तिथं नव्हतं.

पहिल्या पानावर नव्हतं. दुसऱ्यावर नव्हतं. तिनं दुकानाचं नावच टाइप केलं, आख्खं, पाटीवर आहे तसं. सगळ्यांत वर कंपनीची जाहिरात आली: कुलूप अडलंय? आम्ही निघालोच! तिच्याखाली तसल्याच नावाचं कुठल्या तरी परगावचं रंगाचं दुकान, त्याखाली एक बालवाडी.

दुकान नव्हतं. काल संध्याकाळी होतं.

*कुलूपवाला जवळचा लगेच येणारा*

कोण कोण आहे ते आधी सांगून टाकू, कारण पुढे कुणाला उसंत नाही.

दुकान सासऱ्यांनी उभं केलेलं. ते गेल्यावर बाकावर थोरले बसू लागले, म्हणजे धाकटीचे मोठे दीर. किल्ल्या घासायच्या, अडलेली कुलपं बोलती करायची. धाकटा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, स्कूटरवर हत्यारांची पेटी टाकून घरोघर. गल्ल्यावर आणि फोनवर जाऊबाई, थोरल्यांची बायको, जिच्या जिभेला कानस लागत नाही. आणि धाकटी. लग्नाआधी ती एका ऑफिसात लोकांच्या वेबसाइटी दुरुस्त करायची, आता या एकाच साइटची डागडुजी करत होती.

पाचवा माणूस घरचा नव्हता. त्याला सगळे हसरा म्हणत, कारण त्याचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तो कंपनीचा. कंपनी म्हणजे ती जाहिरातवाली. प्रत्येक गल्लीतून फोन आपल्याकडे ओढायचा, ड्रिल घेतलेला कुणीतरी पाठवायचा, कुलूप फोडायचं आणि नवं विकायचं. हसऱ्याचं म्हणणं सरळ होतं. दुकानाचा नंबर आणि साइट कंपनीला द्या, पाटी बदला, आम्ही सांगू तिथं जा. ड्रिल आम्ही देऊ.

थोरल्यांनी आयुष्यात कुलूप क्वचित फोडलं असेल, आणि फोडलं त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. पण फोन वाजायचाच थांबला तर न फोडण्याची कला कुणाला दाखवणार? उन्हाळ्याच्या तोंडाशी ते धाकटीला म्हणाले होते, करून बघ. उन्हाळा संपेपर्यंत फोन हलला तर ठीक, नाहीतर सही करून मोकळे होऊ.

उन्हाळा संपत आला होता. हसरा सोमवारी कागद घेऊन यायचा होता. आज शुक्रवार.

*किल्ली कुलपात तुटली अर्धी आत*

तिनं केलेलं काम असं होतं, की नीट झालं तर ते कुणाला दिसूच नये.

साइटवर थोरल्यांनी हौसेनं टाकलेले कुलपांचे फोटो होते, एकेक एवढा जड की जिन्यातल्या माणसाच्या फोनवर तो उघडेपर्यंत शेजारी हातोडा घेऊन यायचा. तिनं ते हलके केले. फोन नंबर चित्रात लिहिलेला होता, त्यावर बोट ठेवून फोन लागत नसे. जो किल्ली विसरलाय त्यालाच म्हणायचं, बाबा रे, आता हा नंबर लक्षात ठेव. तिनं तो अक्षरांत आणला. एकच साइट दोन पत्त्यांवर उघडायची, त्यामुळे सर्च इंजिनाला वाटायचं ही दोन अर्धपोटी दुकानं आहेत. तिनं त्यांचं एक केलं. कुठंच न जाणाऱ्या लिंका काढल्या.

फोन वाजू लागला. रोज नाही, पण वाजू लागला. जाऊबाईंनी तो गल्ल्याच्या टोकावरून आपल्या कोपराशी ओढून घेतला, आणि ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी शाबासकी होती.

मग शेवटचं, धोक्याचं काम. पानांचे जुने पत्ते म्हणजे नुसती आकड्यांची भेंडोळी होती. तिनं ते बदलून सरळ शब्दांत केले आणि प्रत्येक जुन्या पत्त्यावर बाण लावला, की बाबांनो, इकडे हललोय. बाण चुकला तर आलेला माणूस भिंतीवर आपटतो, आणि सर्च इंजिन भिंतीला गिऱ्हाइकं पाठवत नाही. बुधवारी तिनं ते केलं. थोरल्यांनी तेवढंच विचारलं होतं, परत जागेवर आणता येतं ना? ती म्हणाली होती, येतं.

आणि शुक्रवारी ही तऱ्हा.

*

"काय गं," जाऊबाई म्हणाल्या, "फोनला कुणी कुलूप घातलंय का?"

धाकटीनं मान वर केली नाही. ती म्हणाली, बघतेय.

बघतेय हे उत्तर जाऊबाईंना कधीच पुरलं नव्हतं. बरं चाललेलं, त्याला हात लावायची गरज काय होती, हे त्यांनी फडकं झटकत फडक्याला ऐकवलं. हात दाखवून अवलक्षण, हे खुर्चीला ऐकवलं. थोरले बाकावर एक किल्ली घासत होते. कानशीचा आवाज एका लयीत येत होता. तो थांबला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तिनं एकेक बाण तपासला. जुनं पान, नवं पान. बरोबर. जुनं, नवं, बरोबर. चूक सापडत नाही हेच आता चुकीसारखं वाटायला लागलं. नवऱ्याला फोन केला तर तो कुणाच्या तरी कपाटाशी झुंजत होता. त्यानं विचारलं, कंपनीवाल्यांनी काही केलं नसेल ना? सोमवार तोंडावर आणि नेमकं आजच? तिनं त्याला वेड्यात काढलं आणि फोन ठेवल्यावर तिलाच तसं वाटू लागलं.

मग तिनं सर्वांत आधी करायला हवं होतं ते केलं. साइटच्या एका पानाचं पोट उघडून पाहिलं. म्हणजे दिसतं ते पान नव्हे, त्यामागचा मजकूर, जो माणसं वाचत नाहीत, यंत्रं वाचतात. वरच्याच बाजूला एक ओळ होती. तिचा अर्थ असा: *आमचं नाव कुठंही नोंदवू नका.*

तिनं दुसरं पान उघडलं. ओळ होती. तिसरं. होती. प्रत्येक पानाच्या कपाळावर होती.

तिनं ती लिहिली नव्हती.

*

ही ओळ अशी आपोआप उगवत नाही. साइटच्या आतल्या खोलीत, जिथं पासवर्डशिवाय जाता येत नाही, तिथं एक चौकोन असतो. त्याच्यासमोर लिहिलेलं असतं, सर्च इंजिनांना या साइटपासून लांब ठेवा. कुणीतरी त्या चौकोनात खूण करावी लागते.

म्हणजे कुणीतरी आत आलं होतं.

नवरा म्हणाला ते खरं निघालं तर? पासवर्ड तिनं कुणाला सांगितला नव्हता. नवऱ्याला नाही, जाऊबाईंना नाही, कुणालाच नाही.

कुणालाच नाही, म्हणजे एक सोडून.

ती उठली. दुकानाच्या मागच्या भिंतीवर सासऱ्यांच्या वेळचा फळा होता, ओळीनं खिळे ठोकलेला. सासऱ्यांचा दंडक होता: या घरात एका किल्लीचं कुलूप असणार नाही. प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली या फळ्यावर, पितळी बिल्ल्यासह. बिल्ल्याच्या एका बाजूला खूण कोरलेली, दुसरी बाजू कोरी. दुसरी किल्ली कुणीही वापरावी, पण वापरली की बिल्ला उलटा टांगायचा. मग ज्याची पहिली किल्ली त्यानं उलटा बिल्ला पाहून विचारायचं, आणि वापरणाऱ्यानं सांगायचं. विचारल्यावर लपवायचं नाही. सांगून झालं की पहिल्या किल्लीवाल्यानं बिल्ला स्वतःच्या हातानं सुलटा करायचा. मोलकरणीपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना तोच नियम.

धाकटीनं साइटचा पासवर्ड ठेवला तेव्हा थोरले म्हणाले होते, दुसरी किल्ली? तिला हसू आलं होतं. पण तिनं तो कागदावर लिहिला, गुंडाळून एका नळीत घातला आणि खालच्या ओळीत शेवटच्या खिळ्यावर टांगला. थोरल्यांनी त्यासाठी नवा बिल्ला कोरला होता, एक छोटंसं कोळ्याचं जाळं.

आता त्या खिळ्यावरचं पितळ कोरं होतं.

बिल्ला उलटा होता. कधीपासून होता देव जाणे. नवरा दिवसभर बाहेर, जाऊबाई लॅपटॉपला शिवतही नसत; उरले थोरले. सकाळपासून ती जगभर शोधत होती आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसली होती.

कानशीचा आवाज थांबला. पण तिच्यासाठी नाही. दारात हसरा उभा होता.

*दुकान बंद झाले का*

सोमवार कशाला, म्हणाला, इकडून चाललो होतो. कागद बॅगेत होतेच. थोरल्यांनी त्याला खुर्ची दिली. जाऊबाईंनी पाण्याचा पेला ठेवला, जरा आपटूनच.

हसऱ्यानं कागद बाकावर पसरले, किल्लीचा कीस फुंकरीनं उडवून. मग फोन काढला आणि थोरल्यांसमोर धरला. त्याचा आवाज मऊ होता, दवाखान्यात बोलतात तसा. हे बघा, म्हणाला, तुमचं नाव टाकलं मी. बघा कुठं दिसता का. थोरल्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वर, खाली, परत वर. धाकटीला मागच्या भिंतीपाशी उभं राहून त्यांची मान दिसत होती. म्हातारी नव्हती ती मान, पण आत्ता झाली.

"अख्खा उन्हाळा घालवला पोरीनं," हसरा म्हणाला, "चांगलंच केलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण हे घरी बसून होणारं काम नाही."

त्यांनी पेन घेतलं.

धाकटीच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम धावल्या आणि एकमेकींवर आपटल्या. चौकोनातली खूण काढायला एक क्षण पुरे. पण सर्च इंजिनाला कळायला? तासभर, दिवसभर, कदाचित सोमवारही उलटून. बोललं नाही तर सही. बोललं तर या माणसासमोर, याच्या हसण्यासमोर, थोरल्यांनी स्वतःच्या दुकानाचं नाव स्वतः पुसलं हे उघडं पडणार. घरात मोठ्या दिरासमोर ती आजवर आवाज चढवून बोलली नव्हती.

ती लॅपटॉपशी गेली. खूण काढली. सर्च इंजिनाला सांगावा धाडला, की येऊन पुन्हा बघून जा. मग तिनं फळ्यावरची नळी काढून आणली आणि बाकावर, कागदांच्या शेजारी ठेवली. कोरी बाजू वर.

"दादा," ती म्हणाली, "बिल्ला उलटा आहे."

हसरा हसत राहिला, कारण त्याला काही कळलं नव्हतं. जाऊबाईंना कळलं. त्यांचं फडकं हवेतच राहिलं.

थोरल्यांनी पेन खाली ठेवलं नाही. पण नियम त्यांच्या बापाचा होता. आणि विचारल्यावर लपवायचं नाही.

"परवा वापरली," ते म्हणाले. "तू ती यादी दाखवलीस ना. कोण कोण येऊन जातं ती."

तिनं दाखवली होती. मागच्या आठवड्यात, मोठ्या फुशारकीनं. साइटवर कोण आलं त्याची यंत्र आपोआप ठेवतं ती यादी. दादा, ही गिऱ्हाइकं, आणि ही बघा, ही माणसं नाहीतच, सर्च इंजिनांची यंत्रं आहेत. रोज येतात, एकेक खोली बघून जातात. थोरल्यांनी विचारलं होतं, कुणाला विचारून? ती हसली होती आणि पुढचं पान दाखवलं होतं.

ती हसली होती. उत्तर दिलं नव्हतं.

"बुधवारी बघितलं तर झुंडच्या झुंड," थोरले म्हणाले. "प्रत्येक दार हलवून बघतायत. तू बाहेर गेली होतीस. आत एक जागा दिसली, यांना लांब ठेवा म्हणून. ठेवलं." मग जरा थांबून, "तुझं एवढं काम आत मांडलेलं. उघडं कसं टाकणार?"

आयुष्यभर ज्यानं लोकांच्या दारांना कड्या बसवल्या त्याला दार सताड उघडं दिसलं, आणि त्यानं कडी घातली. दुसरा कुणी असता तर त्याला ते दार दिसलंही नसतं. धाकटीला रागवायचं होतं. पण कुणावर, हेच ठरेना.

झुंड आली होती कारण तिनं पत्ते बदलले होते. यंत्रं नवे पत्ते तपासायला आली, प्रत्येक दारावर थोरल्यांचा निरोप वाचला आणि आज्ञाधारकपणे नाव खोडून गेली. दोघांनी मिळून जेवढं नीट काम केलं, तेवढं दुकान झपाट्यानं बुडालं.

"ती यंत्रं चोर नव्हती दादा," ती म्हणाली. "ती वाचतात. नको म्हटलं की नाव खोडून जातात. भांडत नाहीत."

"जातात? नुसतं म्हटलं की?"

"नुसतं म्हटलं की."

थोरल्यांच्या कपाळावर आठी पडली, कुलपात तार घातल्यावर पडते ती. त्यांनी खुर्ची लॅपटॉपकडे वळवली. हसऱ्याकडे पाठ झाली, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. यादी दाखव म्हणाले. तिनं दाखवली. बुधवारची झुंड, गुरुवारी विरळ, आज जवळपास कुणी नाही. पण एक पत्ता मात्र परत परत येत होता. आतल्या खोलीच्या दारावर. पासवर्ड चूक, परत. चूक, परत.

"हा कोण?"

"हा खरा चोर. असे सगळ्यांच्याच दारी असतात. किल्ल्या लावून बघतोय."

"माझं वाचून हा गेला नाही?"

"हा वाचत नाही."

जाऊबाईंनी फडकं खांद्यावर टाकलं.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," त्या म्हणाल्या. नवऱ्याला उद्देशून, आणि तेही त्या माणसासमोर. थोरल्यांचे कान लाल झाले. पण मान वर आली.

*एका कुलपाला दोन किल्ल्या कशा*

इथं हसऱ्यानं मदत करायची ठरवली. तो नसता बोलला तर काय झालं असतं सांगता येत नाही, कारण साइट अजून गायबच होती, फोन गप्पच होता, आणि थोरल्यांच्या बोटांत पेन होतं. शरमलेला माणूस सही लवकर करतो.

"होतं असं," हसरा म्हणाला, "घरच्या घरी असंच होतं. म्हणून आम्ही पासवर्ड ठेवतो तो आमच्यापाशीच. दुकानदाराला देतच नाही. तुम्हाला आत जायलाच नको, चुकायलाच नको."

थोरल्यांनी विचारलं, दुसरी किल्ली?

"नसतेच," हसरा आनंदानं म्हणाला. "एकच. आमच्याकडे."

थोरल्यांनी नळी हातात घेतली. बिल्ला अंगठ्यानं चोळला, कोऱ्या बाजूवर. फळ्यावरची सगळी पितळं त्यांच्या मागं टांगलेली होती, सासऱ्यांनी कोरलेली, त्यांनी स्वतः कोरलेली. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. ते टिक्‌ असं वाजलं, खटका बसतो तसं.

सोमवारी या, ते म्हणाले. ठरल्याप्रमाणे.

हसरा म्हणाला, सोमवारी काय वेगळं होणार आहे? आणि पहिल्यांदाच त्याचं तोंड मिटलं. त्याला ओठही होते, हे जाऊबाईंनी नंतर बरेच दिवस सगळ्यांना सांगितलं.

"सोमवारी काय होईल ते सोमवारी," थोरले म्हणाले. "पण एका किल्लीचं कुलूप या घरात बसत नाही. ते बदलून आणणार असाल तर या."

*

तो गेल्यावर नळी त्यांनी धाकटीपुढे धरली. ते स्वतः तो बिल्ला सुलटा करू शकत नव्हते. ते तिनं करायचं होतं. आणि करेपर्यंत ते उभे राहिले, बाकाला टेकून, एखाद्या नव्या कामगारासारखे.

तिला वाटलं, दोन शब्द तरी ऐकवावेत. एक आख्खी सकाळ तिनं स्वतःला खाल्लं होतं. पण तिच्या कानात तो प्रश्न वाजत होता, कुणाला विचारून, आणि त्यामागचं तिचं हसू.

"मी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं होतं."

तिनं नळी शेवटच्या खिळ्यावर टांगली. जाळं पुढं.

*यादी*

शनिवार. थोरले बाक सोडून लॅपटॉपशी बसलेले. कुणीतरी दार हलवतं. पासवर्ड चूक. थोरले म्हणतात, बस बोंबलत. त्यांनी धाकटीकडून आतल्या खोलीला आणखी एक कडी घालून घेतली आहे, तिसऱ्या चुकीनंतर दारच दिसेनासं होतं. यावेळी त्यांनी आधी विचारलं.

दुपार. कुणी नाही. जाऊबाई फोन उचलून कानाला लावतात, सूर येतोय का बघतात, ठेवतात. मग पुन्हा उचलतात. धाकटा दारात येऊन नुसता भुवया उडवतो. धाकटी मान हलवते, नाही. तो स्कूटरला किक मारतो, कुठं जायचं नसताना.

रविवार. एक ओळ. यंत्र आलं. दारावरचं वाचलं. आज तिथं काही नको म्हटलेलं नाही. पहिलं पान बघितलं. दुसरं बघितलं. तिसरं.

थोरले नकळत खुर्ची मागं सरकवतात, वाट द्यावी तशी.

*मुलगा बाथरूममध्ये अडकला कडी उघडत नाही*

सोमवारी सकाळी, हसऱ्याच्या आधी, फोन वाजला. एक बाई. श्वास लागलेला. तिनं फोनवरच्या यादीत खाली, खूप खाली जाऊन हे दुकान शोधलं होतं, वरच्यांनी ड्रिलचं नाव काढलं म्हणून. दाराला टेकूनच बसलाय तो, म्हणाली.

जाऊबाईंनी रिसीव्हर थोरल्यांकडे दिला. धाकट्यानं पेटी आधीच उचलली होती. दारात हसरा उगवला, कागद हातात, आणि दोघं भाऊ त्याला घासून बाहेर पडले. थोरले बाक सोडून कामावर जात नसत, पण आज गेले, बाईचा नंबर स्वतःच्या मोबाइलवर लावून.

"त्याचं नाव काय?" ते विचारत होते. "नाव सांगा बाई, आणि त्याला म्हणावं, दारापासून नको सरकूस, दाराला हात लाव. मी येईपर्यंत माझ्याशी बोल. आम्ही काही तोडणार नाही."

हसरा उंबऱ्यावर उभा. धाकटीनं त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, दुसरी किल्ली आणलीत?